फाइट जिममध्ये चौदा महिने: मॅट, ग्लोव्हज आणि कोचशी इमान

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मुए थाई, म्हणजे थायलंडच्या लाथाबुक्क्यांच्या खेळाच्या, जिमची वर्षाची मेंबरशिप घेतली. ३६,००० रुपये, एकरकमी. वर टी-शर्टचे ८००, तो सक्तीचा. वय ३४, नोकरी बसून करायची, आधीचा अनुभव म्हणजे शाळेत असताना लंगडी. जिमचं नाव देत नाही, का ते पुढे कळेल.

आधी सामानसुमान उरकते. मॅट बऱ्या आहेत, कोपऱ्यातल्या दोन उचकटल्यात आणि पावसाळ्यात त्यांच्याखालून कुबट वास येतो. बॅगा सहा, त्यातल्या चार धड. जिमचे ग्लोव्हज वापरू नका, आत हात घातला की दुसऱ्याचा घाम लागतो. स्वतःचे १६ औंसांचे घ्या. हाताला गुंडाळायच्या साडेचार मीटरच्या रॅपच्या दोन जोड्या ठेवा, कारण एक कायम ओली असते. शिन गार्डवर (नडगीच्या कवचावर) कंजूषी करू नका. बायकांची चेंजिंग रूम म्हणजे पडदा लावलेली अडगळीची खोली. घाम गाळून वजन उतरवायचं एवढाच हेतू असेल तर जिम चांगली आहे, इथेच थांबा.

मला लिहायचंय ते कोचबद्दल.

सुरुवातीचे सहा महिने आम्हाला शिकवणारे होते त्यांना सगळे ‘सर’ म्हणायचे. पॅड धरणं हे काम लांबून सोपं दिसतं. समोरचा पॅड पुढे करतो, आपण लाथ घालतो. प्रत्यक्षात तो माणूस तीन मिनिटं फक्त तुमच्याकडे बघत असतो. श्वास कुठे तुटतो, मारण्याआधी खांदा कसा सांगून टाकतो, घाबरल्यावर डोळे कुठे जातात. नवऱ्याने माझ्याकडे सलग तीन मिनिटं असं शेवटचं कधी बघितलं ते आठवत नाही. (त्यालाही वाचायला दिलंय, तो हसला.) सरांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना तुमचं सगळं वजन पुढच्या पायावर जातं. डावा पाय जड पडतो. कोणी तिथे मारलं तर उचलताच येणार नाही.’ सहा महिने त्या एका पायावर काम केलं आम्ही. थोडा हलका झाला, पूर्ण नाही.

हे नातं किती लवकर जडतं याची आधी कोणी कल्पना देत नाही. थायलंडमध्ये तर त्याला विधीच आहे. लढतीआधी रिंगमध्ये गुरुवंदनेचा नाच करतात, वाय क्रू. त्यातला ‘क्रू’ म्हणजे आपला ‘गुरू’च. डोक्यावर मोंगकोन नावाचं कडं असतं. ते कोच चढवतो आणि नाच झाल्यावर कोचच उतरवतो, लढणारा स्वतः नाही. आणि लढणाऱ्याचं आडनाव? तेही जिमचंच. आठ-दहा वर्षांचं पोर कॅम्पवर, म्हणजे राहत्या जिमवर जातं, तिथेच खातं, झोपतं, वाढतं आणि नावापुढे कॅम्पचं नाव लावून लढतं. बुआकाव या थाई लढवय्याचं उदाहरण घ्या. के-वन वर्ल्ड मॅक्स ही किकबॉक्सिंगची स्पर्धा २००४ मध्ये जिंकला, २००६ मध्ये परत जिंकला, तेव्हा जग त्याला बुआकाव पोर प्रमुक म्हणून ओळखायचं. त्यातलं ‘पोर प्रमुक’ हे जिमचं नाव. २०१२ मध्ये तो जिम सोडून बाहेर पडला आणि बंचामेक हे घरचं आडनाव लावून लढायला लागला. जगज्जेता झालेल्या माणसालाही जिम सोडताना आधी नाव सोडावं लागतं. माझ्या ८०० रुपयांच्या टी-शर्टच्या पाठीवर जे छापलंय ते त्याच घराण्यातलं.

सातव्या महिन्यात सर गेले. मालकाशी पैशांवरून बिनसलं म्हणतात. कोणाचं खरं हे मला ठरवता येत नाही. चार किलोमीटरवर त्यांनी स्वतःचं छोटं शेड घेतलं. त्याच रात्री मालकाचा व्हॉट्सअॅपवर मेसेज: जो कोणी तिकडे ट्रेनिंग घेईल त्याने इकडे येऊ नये, पैसे परत मिळणार नाहीत, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत ‘लॉयल्टी’. खाली कोणीतरी ‘गद्दार’ लिहिलं. २०२२ पासून महाराष्ट्रात हा शब्द इतका स्वस्त झालाय की लाथा मारायला शिकवणाऱ्या माणसालाही पुरतो.

ही तऱ्हा आपल्याकडचीच आहे असंही नाही. ब्राझीलच्या जिउ-जित्सूत जिम बदलणाऱ्याला ‘क्रेओन्ते’ म्हणतात. ही शिवी तिथल्या कार्लसन ग्रेसी या नामांकित कोचने रूढ केली, तीही एका टीव्ही मालिकेतल्या दलबदलू पात्रावरून. पुढे २००० च्या सुमारास त्याचेच बिनीचे शिष्य, मुरिलो बुस्तामांते, मारिओ स्पेरी, रिकार्दो लिबोरिओ, त्याला सोडून गेले आणि त्यांनी ब्राझीलियन टॉप टीम उभी केली. लिबोरिओ तर पुढे तिथूनही निघाला आणि अमेरिकेत दुसरी टीम काढली. शिवी देणारा एक, शिवी खाणारे सगळे चॅम्पियन.

मी गेले नाही. निष्ठा वगैरे काही नव्हतं, ३६,००० अडकले होते. पण दर रविवारी पहाटे सरांच्या शेडवर जायला लागले, टी-शर्ट उलटा घालून. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा चोरी केल्यासारखी छाती धडधडायची.

माझे काका कोल्हापूरचे. ऐंशीच्या दशकात सहा वर्षं तालमीत राहिलेले. दोन्ही कान फुटलेले. लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं पाठ आहे. पहाटे चारला उठायचं, हौद्यातली माती उकरायची, त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू जिरवायचं, मारुतीच्या पाया पडून मगच लंगोट कसायचा. सपाट्या मारायच्या, मग थंडाई घोटायची, त्यातला पहिला पेला वस्तादांना. वस्तादांचं धुणंसुद्धा पठ्ठ्यांनीच धुवायचं. फी नावाची गोष्ट नाही. उलट घरून खुराकाला पैसे आले नाहीत तर वस्ताद स्वतःच्या घरचं तूप आणून द्यायचे. एक पोरगा न सांगता दुसऱ्या तालमीत गेला, तर पुढची दोन वर्षं काकांच्या तालमीतलं कोणी त्याच्याशी जोड लावायला तयार नव्हतं. हे काका अभिमानाने सांगतात. मी ते ऐकत वाढले, पण पोरीच्या जातीला हौद्याच्या कट्ट्यापर्यंतच मुभा होती, आत नाही. त्यामुळे त्या निष्ठेबद्दल मला ओढही आहे आणि थोडा संशयही. जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या नावाजलेल्या महिला पैलवान कुस्ती महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा त्यांनाही ‘कुस्तीची बदनामी करू नका’ असं ऐकवणारे होतेच. घराण्याचं नाव राखायचं ओझं नेहमी खालच्याच्या डोक्यावर.

काकांना जिमचं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘फी भरलीस न्हवं?’

‘हो.’

‘मग तू गिऱ्हाईक. पठ्ठा न्हवंस. गिऱ्हाइकाला कसली आलीया निष्ठा? आन् त्यो मालक, त्यो वस्ताद हाय का? त्यो दुकानदार.’

विषय तिथेच संपायला हवा होता. पण अकराव्या महिन्यात मी इंटरक्लब लढतीला नाव दिलं. दोन मिनिटांचे तीन राउंड, शिन गार्ड घालून. एव्हाना जिमने सरांच्या जागी एक चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा आणला होता. मी त्याला मनातून कधी कोच मानलंच नाही. तो सांगायचा ते ऐकायचे आणि रविवारी सरांना विचारून घ्यायचे की बरोबर आहे का. त्याला हे कळत असणार. बोलला नाही कधी.

लढतीच्या दिवशी जोड्या लागल्या. माझ्यासमोरची मुलगी सरांची. रविवारी तिच्या शेजारी उभं राहून बॅग मारली होती मी. समोरच्या कोपऱ्यात सर.

पोराने माझ्या डोक्यावर मोंगकोन चढवलं, उतरवलं. घंटा झाली. पहिल्या राउंडमध्ये बरं चाललं होतं, जॅब लागत होते. दुसऱ्यात तिने डाव्या पायावर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला लाथ घातली. मग परत तिथेच. मी जॅब मारला की त्याच क्षणी तिची लाथ पोहोचलेली असायची. चौथ्या लाथेला मला कळलं की हे तिचं डोकं नाही. सहा महिने पॅडमागून माझ्याकडे बघणारे डोळे होते ते. लेग किक तेव्हा दुखत नाही तितकी, पण पाय आपला राहत नाही. राउंड संपल्यावर स्टुलापर्यंत मी जवळजवळ लंगडत आले. लंगडीचा अनुभव असा कामाला आला.

पोराने मांडी दाबून बघितली, मला उभं राहायला सांगितलं, पायावर वजन टाकायला सांगितलं. मला ते टाकता आलं नाही. मी म्हटलं, एकच राउंड राहिलाय. मालक दोरीच्या बाहेरून ओरडत होते, ‘लढू दे, लढू दे.’ पोराने त्यांच्याकडे मान वळवली नाही. रेफरीला हात करून लढत थांबवली आणि टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आठ दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. त्या आठ दिवसांत मी फ्रेझर आणि अलीची बॉक्सिंगची लढत पुन्हा बघितली. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. चौदावा राउंड संपला तेव्हा जो फ्रेझरला धड दिसत नव्हतं. कोच एडी फचने त्याला पंधराव्यासाठी उठूच दिलं नाही. फ्रेझर नाही म्हणत होता. फच त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा. याच फचने पुढे फ्रेडी रोच नावाच्या आपल्या बॉक्सरला थांबायला सांगितलं, कारण पार्किन्सनची चिन्हं दिसायला लागली होती. रोचने ऐकलं नाही. वडिलांना कोपऱ्यात घेऊन लढत राहिला, हरत राहिला, सव्विसाव्या वर्षी थांबला. आणि नंतर फचकडेच परत येऊन बरीच वर्षं बिनपगारी हाताखाली राबला. हाच रोच पुढे बॉक्सर मॅनी पॅकियाओचा कोच झाला, २००१ पासून. २०१८ मध्ये पॅकियाओने त्याला बाजूला केलं आणि ही बातमी रोचला दुसऱ्यांकडून कळली. पुढच्या लढतीला दोघं पुन्हा एकत्र. मालकांच्या मेसेजमधल्या मोठ्या अक्षरांत हे जाणं-येणं कुठे बसवायचं?

सरांचा राग मात्र जात नव्हता. काकांना फोन केला. म्हटलं, त्यांनी माझी कच्ची बाजू तिला सांगितली. काका दोन क्षण गप्प. मग म्हणाले, ‘मग काय त्यानं आपल्या पोरीला सांगू नये व्हय? तिच्या स्टुलापाशी हुबा ऱ्हाऊन तुझी काळजी करायची? त्यो कोपरा कुणाचा हुता?’ आणि वर, ‘वस्ताद समदं डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. ह्ये तुला म्या किती डाव सांगितलंय.’

आता अनुभवाचा हिशेब. जिम: तीन तारे, चेंजिंग रूममुळे अर्धा वजा. मालक: वर्षाचे पैसे एकरकमी भरू नका, महिन्याचे भरा, थोडे जास्त गेले तरी चालतील. कोण कोणाला बांधलेलं आहे ते त्या एका पावतीवरून ठरतं. ट्रायल क्लास घ्यायचा तर स्पॅरिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतींच्या दिवशी घ्या, आणि कोच मुलांना कधी थांबवतो तेवढंच बघा, बाकी व्हिडिओत सगळे चांगलेच दिसतात. बायकांनी खास बघावं: कोचला ‘नाही’ म्हटल्यावर तो काय करतो. आमच्या पोराला पाच तारे. त्याला आता मी ‘कोच’ म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

मेमध्ये मुदत संपली तेव्हा तीन महिन्यांचंच नूतनीकरण केलं. रविवारी शेडवर जाणं बंद केलं.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला पेढ्यांचे दोन पुडे घेतले. एक जिममध्ये पोराला दिला, मालकांसमोर. दुसरा घेऊन शेडवर गेले, या वेळी टी-शर्ट सुलटा. ती मुलगी बॅग मारत होती, हात वर करून हसली. सरांच्या पाया पडले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘डावा पाय अजून जड पडतो का?’

मी सांगितलं नाही.