‘जॉज’ कसा घडला: गॉटलिबचं पुस्तक की बूझरोचा माहितीपट?

‘जॉज’ हा स्टीव्हन स्पीलबर्गचा शार्कवरचा थरारपट तीन-चारदा पाहून झाला की पडद्यावरच्या शार्कपेक्षा तो शार्क पाण्यात उतरवणाऱ्या माणसांबद्दलचं कुतूहल वाढत जातं. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचं तेच झालं. त्याचा फोन आला, ‘मामा, एकच सांग. पुस्तक घेऊ की डॉक्युमेंटरी बघू?’ त्याला मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि मग दिवसभर चुटपूट लागली, की एवढ्यावर हा प्रश्न उरकायला नको होता. दोन्ही गोष्टी माझ्याकडे बरीच वर्षं आहेत, दोन्हींवर माझा जीव आहे. तरी हात एकीकडेच जास्त जातो. का, ते सांगतो.

पुस्तक म्हणजे कार्ल गॉटलिबचं ‘द जॉज लॉग’. चित्रपट आला त्याच वर्षी, १९७५ मध्ये, ते आलं. गॉटलिब पटकथेचा सहलेखक, शिवाय गावच्या वर्तमानपत्राचा संपादक मेडोज ही छोटी भूमिकाही त्याचीच. माहितीपट लॉरेंट बूझरोने वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) केलेला. चाहत्यांनी जमवलेला ‘द शार्क इज स्टिल वर्किंग’ही आहे. चित्रपटात पोलीसप्रमुख झालेल्या रॉय शायडरचा आवाज त्याला लाभलाय, पण त्यातला बराच भाग चित्रपटाच्या नंतरच्या प्रभावाबद्दल आहे, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

आधी माहितीपटाचं मनापासून कौतुक करतो, कारण काही गोष्टी फक्त त्यातच मिळतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात रॉन आणि व्हॅलरी टेलर या जोडप्याने खऱ्या पांढऱ्या शार्कचं चित्रण केलं. खरा शार्क पंचवीस फुटांचा वाटावा म्हणून छोटा पिंजरा केला आणि त्यात बुटक्या चणीचा माणूस उतरवायचं ठरवलं. एकदा पिंजरा रिकामाच असताना शार्क त्याच्या दोरात अडकला आणि सुटण्यासाठी त्याने जो थयथयाट केला, तो इतका जबरदस्त होता की त्यासाठी कथाच बदलली. मूळ कादंबरीत मरणारा शार्कतज्ज्ञ हूपर चित्रपटात जगला तो त्यामुळे, कारण पिंजऱ्यात माणूस नसल्याचं दृश्यात दिसत होतं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि टेलर दाम्पत्याच्या तोंडून ऐकत ती दृश्यं बघणं वेगळं. शार्क जवळ येताना वाजणाऱ्या, संगीतकार जॉन विल्यम्सच्या त्या दोन सुरांचंही तेच. विल्यम्सने पियानोवर ते वाजवून दाखवले तेव्हा स्पीलबर्गला आधी ती थट्टा वाटली होती. कागदावर ही गोष्ट निम्मीच पोचते.

आणि चित्रपटातली नाव ‘ऑर्का’ बुडाली तो दिवस! नट नावेवर, फळी उचकटलेली, पाणी आत येतंय, स्पीलबर्ग दुसऱ्या बोटीवरून ओरडतोय की नटांना आधी उतरवा. आणि ध्वनिमुद्रक जॉन कार्टर आपलं यंत्र डोक्यावर धरून उभा, नट राहू देत, आवाजवाल्यांना वाचवा म्हणून ओरडतोय. कॅमेराही पाण्यात गेला. आतली फिल्म वाळू न देता खाऱ्या पाण्यातच ठेवून विमानाने न्यूयॉर्कच्या लॅबमध्ये पाठवली आणि ती वाचली. स्पीलबर्ग गोष्ट सांगतो तेव्हा तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. एकच संध्याकाळ हातात असेल तर माहितीपट बघा, असं मी बेलाशक म्हणेन.

फक्त डिस्क घेताना एक काळजी घ्या. मूळ माहितीपट सुमारे दोन तासांचा. २००० च्या डीव्हीडीवर तो जवळपास निम्मा कापलेला आहे. पूर्ण हवा असेल तर २००५ ची डीव्हीडी किंवा २०१२ ची ब्लू-रे घ्या. मी पहिल्यांदा कापलेलाच पाहिला आणि कित्येक वर्षं तोच पूर्ण समजत होतो.

माझं पारडं फिरलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. माहितीपटात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: शार्क चालत नव्हता. दिग्दर्शक सांगतो, निर्माते सांगतात, नट सांगतात. सेटवर वॉकी-टॉकीवर हे कसं सतत ऐकू यायचं, याची आठवण काढून सगळे हसतात. मग पुढचा टप्पा ठरलेला: शार्क चालला नाही म्हणून तो लपवला, लपवला म्हणून भीती वाढली, म्हणून चित्रपट अजरामर झाला. ते खरंही आहे. शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं पाण्यावर धावतात तेव्हा शार्क न दिसताच अंगावर काटा येतो. पण तिसऱ्यांदा बघताना मला ते हसणं खटकायला लागलं. ज्याने तो शार्क बांधला, तो माणूस त्या खोलीत नव्हता.

बॉब मॅटी त्यांचं नाव. डिस्नेच्या १९५४ च्या समुद्रपटातला तो अजस्र माखला त्यांनीच केलेला. ‘जॉज’ची तयारी सुरू झाली तेव्हा ते निवृत्त होते. कलादिग्दर्शक जो अॅल्व्ह्स पंचवीस फुटी शार्कची चित्रं घेऊन ठिकठिकाणी फिरले तेव्हा जाणकारांचं म्हणणं एकच होतं, की इतक्या थोड्या वेळात हे होणार नाही. हो म्हणाले ते मॅटी. तीन शार्क केले. एक ओढून न्यायचा अखंड, आणि दोन एकेका बाजूने उघडे, म्हणजे कॅमेऱ्याला उजवी किंवा डावी बाजू दिसेल आणि उघड्या बाजूने नळ्या जातील. सगळं दाबलेल्या हवेवर चालणारं. एक शार्क हलवायला चौदा माणसं लागत. हे सगळं ट्रकवर चढवून कॅलिफोर्नियातून अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मार्थाज व्हिनयार्ड बेटावर नेलं, आणि खाऱ्या पाण्यातली खरी परीक्षा झाली ती थेट तिथे.

मॅटी १९९३ मध्ये गेले, माहितीपट १९९५ चा. बूझरोला यात दोष देता येत नाही, हे मला समजतं. पण परिणाम असा होतो की दोन तास एका कारागिराच्या कामाची तक्रार चालते आणि त्याची बाजू मांडायला तो स्वतः नाही.

मला हे इतकं का लागलं, ते माझ्या कामामुळे. मी अठरा वर्षं हवेवर चालणाऱ्या यंत्रांची देखभाल केली: सिलिंडर, व्हॉल्व्ह, होजपाइप. एकदा रत्नागिरीकडच्या एका धक्क्यावर काम होतं. लोखंडी बॉडीवर पितळी निपल बसवलेला, कारखान्यात असे जोड वर्षानुवर्षं टिकतात. तिथे तीन आठवड्यांत आटे धरले. पाना लावला तर निपलच तुटून हातात आला, उरलेला तुकडा हॅकसॉने कापून काढावा लागला. आतून हिरवा-पांढरा खार निघाला, नखाने खरवडला तर भुकटी व्हायची. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे एक बॅटरीच ती, धातू खाऊन चालणारी. मॅटींच्या शार्कमध्ये असे किती जोड असतील, याचा विचार करून मी एका रात्री नीट झोपलो नव्हतो. त्यात शार्कची फोमची कातडी पाणी पिऊन फुगायची, पाणवनस्पती गुंतायच्या, आणि जुलैच्या सुरुवातीला शार्क ज्यावर बसवत तो अवजड मंच समुद्रतळाशी उतरवताना उलटला, तो पाणबुड्यांनी शोधून काढला. अशा पाण्यात तो शार्क एखाद्या दिवशी चालायचा, हेच मला मोठं वाटतं.

पुस्तकात ही बाजू आहे. गॉटलिब यंत्रज्ञ नाही, पण तो तिथे रोज होता आणि त्याने लिहिलं ते आठवणी ताज्या असताना. शार्क बिघडतो तेव्हा पुस्तकात तो फक्त बिघडतो. त्यातून पुढे काही थोर निघणार आहे, हे पानावर कुणालाच ठाऊक नसतं. बिघाड, दुरुस्ती, पुन्हा बिघाड, आणि मधल्या वेळात खर्चाचा आकडा. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवस चाललं, चाळीस लाख डॉलरचा अंदाज नव्वद लाखांवर गेला. माहितीपटात हे आकडे ऐकले तेव्हा मला गंमत वाटली होती. पुस्तकात त्याच आकड्यांनी पोटात गोळा आला.

बेट का निवडलं, याचं कारण मला या साऱ्या हकिकतीत फार आवडतं. किनाऱ्यापासून बारा मैल आत गेलं तरी तिथे समुद्राचा तळ वाळूचा आणि पस्तीसेक फुटांवर, म्हणजे शार्कचा मंच तळावर टेकवता येईल आणि वर बघावं तर चहूकडे पाणीच पाणी. कागदावर जागा अगदी चोख. पण उन्हाळा लागला आणि शिडाच्या होड्या आल्या. तिघं माणसं समुद्रात एकटी आहेत, हीच कथेची सगळी ताकद, आणि मागे क्षितिजावर कुणीतरी सहलीला निघालेलं. मग थांबायचं. ती होडी जाईपर्यंत प्रकाश बदललेला, भरती बदललेली, नाव नांगरावर फिरलेली. माहितीपटात हे सांगितलं जातं आणि लगेच पडद्यावर ते तयार, सुंदर, रिकाम्या क्षितिजाचं दृश्य येतं. त्यामागचे ताटकळलेले तास दिसत नाहीत. पुस्तकात तुम्ही त्या तासांत बसता.

आणखी दोन माणसं १९९५ मध्ये नव्हती. शार्कशिकारी क्विंट झालेला रॉबर्ट शॉ १९७८ मध्ये गेला, संकलक व्हर्ना फील्ड्स १९८२ मध्ये. फील्ड्स यांचं नाव माझ्या मते पुरेसं घेतलं जात नाही. त्या बेटावर राहून चित्रीकरण चालू असतानाच संकलन करत होत्या. बुडालेल्या बोटीच्या भोकातून प्रेताचं मुंडकं बाहेर येतं तो सगळ्यांना उडवणारा क्षण नंतर त्यांच्याच घरच्या जलतरण तलावात चित्रित झाला, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दुधाची पावडर टाकून. संकलनाचं ऑस्कर त्यांना मिळालं, ते अगदी योग्य मिळालं. पुस्तकात या दोघांची आठवण नुसती काढली जात नाही, तिथे ते वावरतात. गॉटलिब स्पीलबर्गसोबत एकाच घरात राहायचा. रात्री जेवणाला नट जमायचे, उद्याच्या प्रसंगावर बोलायचे, आणि त्या बोलण्यातून संवाद लिहिले जायचे. लेखक हा त्या टेबलावरचाच माणूस असल्यामुळे वाचणारालाही तिथे एक खुर्ची मिळते.

पुस्तकात उणिवा आहेत, त्या सांगायलाच हव्यात. फोटो आहेत, पण शार्कची रचना फोटोंवरून नीट उमगत नाही. होज कुठून कुठे जातात हे मला माहितीपटातल्या दोन-चार दृश्यांवरूनच कळलं. सुरुवातीची प्रकरणं स्टुडिओ, हक्क, करारमदार यांत जातात. मला ती आवडली, भाच्याला कदाचित रेंगाळल्यासारखी वाटतील. आणि गॉटलिब स्पीलबर्गचा मित्र. भांडणं आणि कटुता तो हलक्या हाताने लिहितो, हे वाचताना जाणवतं. पुढच्या आवृत्त्यांत त्याने मूळ मजकूर तसाच ठेवून टिपा जोडल्या आहेत, त्यामुळे जुनी प्रत शोधत बसण्यापेक्षा नवीच घ्यावी. इंग्रजी सोपं आहे. मी लोकल प्रवासात पाच दिवसांत संपवलं होतं, तेही उभ्याने.

तर कुणी काय घ्यावं? छायाचित्रणात रस असेल, तर माहितीपट. छायाचित्रकार बिल बटलरने पाण्याच्या पातळीवर कॅमेरा ठेवण्यासाठी काचेची पेटी कशी वापरली, हलत्या नावेवर कॅमेरा हातात धरून किती काम केलं, हे बघण्याचीच गोष्ट आहे. संगीतासाठीही माहितीपटच. पण तुम्ही स्वतः काही बनवत असाल, लघुपट, नाटक, यंत्र, काहीही, आणि काम बिघडलेलं असताना माणसं दिवस कसा काढतात हे हवं असेल, तर मला वाटतं पुस्तक जास्त देईल. निदान मला दिलं.

मूळ तिन्ही शार्क टिकले नाहीत, झिजून गेले. त्याच साच्यातून काढलेला एक फायबरग्लासचा शार्क स्टुडिओच्या आवारात टांगलेला होता, पुढे तो एका भंगारवाल्याच्या वाड्यात कित्येक वर्षं उन्हात पडून राहिला. तो डागडुजी करून ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या लॉस एंजेलिसमधल्या संग्रहालयात टांगलाय. कधी जाणं झालंच तर मला त्याच्याखाली उभं राहून मॅटींच्या कामाचा आकार बघायचाय.

भाच्याला मी पुस्तक दिलंय. डिस्क माझ्याकडेच ठेवली आहे. वाचून झालं की तो येणार आहे, आणि ‘ऑर्का’ बुडते तो भाग आम्ही दोघं मिळून बघणार आहोत.