सही नसलेला कागद आणि अक्षराचा पुरावा: फौजदारी खटल्यात भिस्त कशावर ठेवावी?

फौजदारी खटल्यात सही नसलेली चिठ्ठी किंवा डायरीचे पान पुढे आले की बचाव पक्षाचा पहिला आक्षेप ‘खाली सही कुठे आहे?’ हाच असतो. हा आक्षेप कच्चा आहे, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 65मध्ये सहीबरोबरच पूर्णतः वा अंशतः हाताने लिहिलेल्या मजकुराचाही स्वतंत्र उल्लेख आहे. सही नसली तरी मजकूर कोणाच्या हातचा आहे हे सिद्ध करता येते. ते कशाच्या आधारे करायचे, हे मात्र नीट ठरवावे लागते.

तो मजकूर प्रत्यक्ष लिहिला जाताना पाहिलेला साक्षीदार असेल, तर दुसरीकडे पाहण्याची फारशी गरज नाही. तो नसल्यास खरी निवड परिचित साक्षीदार आणि हस्ताक्षर तज्ज्ञ यांच्यात असते.

कलम 41नुसार ज्याने त्या व्यक्तीला लिहिताना पाहिले आहे, ज्याचा तिच्याशी पत्रव्यवहार होता किंवा ज्याच्या हाताखालून तिचे कागद नेहमी जात असत, असा माणूस अक्षर ओळखू शकतो. मात्र ‘मी अक्षर ओळखतो’ एवढेच सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत टिकत नाही. किती वर्षे आणि कोणत्या कामानिमित्त ते अक्षर पाहिले, हे सरतपासणीतच (साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाने आधी विचारलेल्या प्रश्नांतच) यायला हवे.

कलम 39खालील तज्ज्ञ अधिक बारकाईने पाहतो: शिरोरेषा अक्षरागणिक तुटते की सलग जाते, ‘ळ’ची गाठ कोणत्या बाजूने सुरू होते, लेखणीचा दाब कुठे वाढतो. त्यासाठी वादग्रस्त मजकुराच्या शेजारी त्याच काळातले निर्विवाद लिखाण हवे. केवळ तपासात घेतलेल्या नमुन्यावर विसंबणे धोक्याचे, कारण सांगून लिहिताना माणूस अक्षर बदलू शकतो. नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961मध्ये काथी कालू ओघड प्रकरणात स्पष्ट केले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 349खाली दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात.

तज्ज्ञाचे मत ग्राह्य आहे, पण ते मतच आहे. मगन बिहारी लाल प्रकरणात (1977) केवळ त्यावर दोषसिद्धी उभी करणे असुरक्षित मानले गेले. मुरारी लाल प्रकरणात (1980) प्रत्येक वेळी पुष्टी हवीच असा नियम नाही, मात्र सावधपणे, कारणे तपासून पाहावे, असे म्हटले गेले. म्हणून ज्या अहवालात निष्कर्ष आहे पण कारणे नाहीत, त्यावर मी भिस्त ठेवणार नाही. चांगला परिचित साक्षीदार मिळत असेल तर आधी तो उभा करावा आणि तज्ज्ञाला पुष्टीसाठी आणावे.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम 72खाली न्यायालय स्वतःही अक्षरे ताडून पाहू शकते. परंतु पाली राम प्रकरणात (1979) न्यायाधीशांनी केवळ स्वतःच्या नजरेवर विसंबू नये असा सावधगिरीचा सल्ला दिला गेला, त्यामुळे या वाटेवर खटला सोडू नये.

अक्षर सिद्ध झाले म्हणजे मजकूर खरा ठरला, असेही नाही. राजकारण्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदींच्या जैन डायरी प्रकरणात (1998) सुट्या कागदांना हिशेबाच्या वह्यांचा दर्जा मिळाला नाही आणि वह्यांतल्या नोंदीही स्वतंत्र पुराव्याविना दुसऱ्यावर दायित्व लादण्यास अपुऱ्या ठरल्या. म्हणून चिठ्ठीत रक्कम लिहिली असेल, तर ती कोणी, कधी, कोणाच्या हाती दिली, याचा साक्षीदारही साक्षीदारांच्या यादीत असला पाहिजे.