आयईएलटीएस लिसनिंग : पाच महिने श्रुतलेखन करून आलेला अनुभव

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंगसाठी, म्हणजे ऐकून उत्तरं लिहायच्या पेपरसाठी, पाच महिने मी एकच पद्धत धरून ठेवली. सराव पेपरचा ऑडिओ, त्याची ट्रान्सक्रिप्ट (ऑडिओतलं बोलणं जसंच्या तसं छापलेलं) आणि शाळेत असायचं तसं श्रुतलेखन. त्याआधी दीड महिना नुसते पेपर सोडवत होते. पेपर झाला की गुण मांडायचे आणि पुढचा घ्यायचा. ४० पैकी २५-२६ वर गाडी अडली ती हलेचना. किती चुकलं ते समजत होतं, पण नेमकं काय ऐकू आलं नाही याचा पत्ता लागत नव्हता.

मग चुकलेल्या उत्तराच्या जागी ऑडिओ मागे न्यायला लागले. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं आणि कानाला जे लागलं ते वहीत उतरवायचं. चार वेळा ऐकूनही जमलं नाही तर जागा कोरी सोडायची आणि मगच ट्रान्सक्रिप्ट उघडायची. सुरुवातीला एका मिनिटाच्या ऑडिओला अर्धा तास जायचा. एकदा मी वहीत ‘शुडबिन’ असं काहीतरी लिहिलं होतं. ट्रान्सक्रिप्टमध्ये होतं ‘शुड हॅव बीन’. वाचताना यातला एकही शब्द मला अडला नसता. पण बोलणारा ‘हॅव’ जवळजवळ गिळून टाकतो, आणि मी मात्र तो पूर्ण ऐकू येईल म्हणून वाट बघत बसले होते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’चंही तसंच. शेवटच्या ‘न’कडे कान लावून उपयोग नाही, जोर कुठे पडतो ते ऐकायचं. ‘थर्टी’त तो पहिल्या अक्षरावर असतो, ‘थर्टीन’मध्ये बहुधा शेवटी.

ऑडिओचा वेग कमी करून ऐकू नका, हे मी आग्रहाने सांगेन. मी महिनाभर तसं केलं आणि मूळ वेगावर आल्यावर पुन्हा तिथेच अडखळले.

पेपरच्या चार भागांपैकी पहिल्या भागात लगेच फरक पडला. तिथे माणूस आधी मंगळवार म्हणतो, मग अडचण आठवून गुरुवार करतो. पूर्वी मी पहिलाच वार लिहून मोकळी व्हायचे. अनेकवचनाचा ‘एस’ही सुटायचा बंद झाला. तो सुटला तर उत्तर चूक, स्पेलिंग चुकलं तरी चूक, आणि दोनच शब्दांची मर्यादा असताना पुढे ‘द’ जोडला नि शब्द तीन झाले तरी गुण गेला. वही तपासायची सवय इथे फार कामी आली.

नकाशाच्या प्रश्नांना मात्र या पद्धतीचा काडीचा उपयोग झाला नाही. तिथे नकाशावर बोट ठेवून वाटेने जाण्याचा वेगळाच सराव लागतो. चौथ्या भागातल्या व्याख्यानात मधे विराम नसतो, दहा प्रश्न सलग. तिथे आधी मिळणाऱ्या वेळात कोऱ्या जागी आकडा येणार की नाम, हे ताडून ठेवल्याने जास्त निभावलं.

हे काम कंटाळवाणं आहे. पाऊण तासानंतर माझे कान अक्षरशः बधिर व्हायचे. आणि नवा पेपर पहिल्यांदा सलग, एकदाच ऐकून सोडवायला हवा, कारण परीक्षेत ऑडिओ एकदाच लागतो. संगणकावर देणार असाल तर शेवटी तपासायला दोनच मिनिटं मिळतात. उत्तरं उतरवायची दहा मिनिटं फक्त कागदी परीक्षेत असतात.

शेवटच्या महिन्यात सरावाला ३३-३४ गुण पडत होते आणि परीक्षेत ९ पैकी ७.५ बँड (श्रेणी) आला. परीक्षा दोन आठवड्यांवर असेल तर सगळं करत बसू नका. फक्त पहिल्या आणि चौथ्या भागातल्या चुकांचं श्रुतलेखन करा, रोज दहाच वाक्यं.