सोनेरी मुलाम्याच्या नाण्यांत माझे 1,21,700 रुपये कसे गेले

नागपुरात घरबसल्या प्लेटिंगचे, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचे जॉबवर्क देतो, असे सांगणारा कोणी भेटला, तर एक रुपयाही हाती ठेवण्यापूर्वी हे वाचावे. यंत्र आमचे, प्रशिक्षण आमचे, माल आम्हीच परत घेऊ, ही योजना कशी चालते हे बहुतेकांना ठाऊक असते. मलाही ठाऊक होते, आणि तरीही मी फसलो, याची लाज मला अजून वाटते.

हिंगणा रोडवरच्या त्या कार्यालयात मी गेल्या मे महिन्यात गेलो. रेक्टिफायर (मुलाम्यासाठी एकाच दिशेने वाहणारी वीज पुरवणारे यंत्र), टाकी आणि तारांच्या किटचे 78,500 रुपये, कच्च्या मालाची अनामत 25,000 रुपये आणि दोन लिटर ‘सोन्याच्या’ सोल्युशनचे 23,600 रुपये असे एकूण 1,27,100 रुपये मी भरले. लक्ष्मी-गणपतीच्या छापाची लोखंडी नाणी त्यांनी द्यायची, मी मुलामा चढवायचा आणि नगामागे 18 रुपये घ्यायचे, असे ठरले होते. पहिल्या 300 नगांचे 5,400 रुपये तिसऱ्याच दिवशी खात्यात जमा झाले. पुढचे 500 नग मात्र ‘थर एकसारखा नाही’ म्हणून नाकारले गेले, अनामत जप्त झाली आणि फोन उचलणे बंद झाले. मिळालेले 5,400 वजा करता माझे 1,21,700 रुपये गेले.

जो क्षण मला झोपू देत नाही, तो प्रात्यक्षिकाचा आहे. त्या माणसाने निळ्या द्रावणात लोखंडी किल्ली बुडवली आणि अर्ध्या मिनिटात ती तांबूस करून बाहेर काढली. त्या वेळी रेक्टिफायरच्या अँपिअर मीटरचा काटा शून्यावर होता, म्हणजे द्रावणातून वीज जातच नव्हती. मी तो पाहिला, विचारलेही, आणि ‘मीटर बिघडला आहे’ हे उत्तर मुकाट्याने मान्य केले. किल्ली हातात घेऊन अंगठ्याने पुसली, तर लालसर भुकटी बोटाला लागली. त्यावर तो म्हणाला, पहिला थर असाच असतो. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांबे बसते, हा दहावीच्या पुस्तकातला विस्थापनाचा प्रयोग आहे आणि त्याला विजेची गरजच नसते. असा थर पुसला की निघतो, म्हणूनच मुलाम्याचे जाणते कारागीर लोखंड थेट आम्लयुक्त तांब्याच्या बाथमध्ये, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणात घालत नाहीत, त्यावर आधी निकेलचा किंवा सायनाइड बाथमधल्या तांब्याचा पातळ थर देतात. हे मला नंतर कळले. पण काटा शून्यावर आहे, एवढे तर मला डोळ्यांनी दिसत होते.

माझी बाजू म्हणून इतकेच सांगतो की, एकोणीस वर्षांची नोकरी सुटलेली होती, मुलीची फी भरायची होती आणि त्या खोलीत माझ्यासारखे आणखी अकरा जण बसलेले होते. सगळे मान डोलावत असताना एकट्याने उठून जाणे किती कठीण असते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

साधे गणितही मी केले नाही. 25 मिलिमीटर व्यासाच्या नाण्याच्या दोन्ही बाजू मिळून जवळपास 9.8 चौरस सेंटिमीटर होतात. अर्धा मायक्रॉन सोने चढवायचे, तर 500 नाण्यांना सुमारे 4.7 ग्रॅम सोने लागते. त्यासाठी मजुरी मिळणार होती 9,000 रुपये, आणि सोल्युशन मला माझ्याच पैशाने आणायचे होते. म्हणजे खरे सोने असते, तर त्याची किंमतच मजुरीहून कितीतरी जास्त झाली असती. इतवारीतल्या एका सराफाने नाणे कॅरेटमीटरवर, म्हणजे त्यात कोणते धातू आहेत हे दाखवणाऱ्या यंत्रावर ठेवले, तेव्हा पडद्यावर तांबे, जस्त आणि लोखंड आले. सोन्यासमोर शून्य होते. पैसे भरण्याआधी नमुना असा तपासून घ्या, त्याला दहा मिनिटे लागतात. पक्के बिल मागा. मला मिळाले ते फक्त डिलिव्हरी चलन होते.

पोलीस ठाण्यात करार पाहून हा दिवाणी मामला असल्याचे सांगण्यात आले. मग कार्यालय दुसऱ्या हद्दीत असल्याचे सांगितले, तिथे गेलो तर राहत्या ठिकाणी तक्रार द्या म्हणाले. असे सहा आठवड्यांत नऊ फेरे झाले आणि प्रत्येक टेबलावर मला पहिल्यापासून सगळे सांगावे लागले, जणू चोरी मीच केली होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे त्यांना सांगितल्यावर मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले. दुसऱ्या एका खिडकीवर ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, म्हणून ग्राहक नाही’ असे ऐकवले. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूत मोडत नाही. कोणी हे कारण सांगून परत पाठवले, तर नकार लेखी मागा.

मी आता कलम 173(4) प्रमाणे माझी तक्रार टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे. त्या खोलीतल्या अकरा जणांपैकी कोणाच्या हाती हे पडले, तर त्यांनी आपापली तक्रार स्वतंत्रपणे आणि लेखी द्यावी, पोच घ्यावी. त्या निळ्या द्रावणाचा डबा माझ्या अंगणात अजून झाकून ठेवलेला आहे, कारण ते नालीत ओतणे मला पटत नाही.