दीडशे शब्दांची कादंबरी आणि रविवारची बैठक

कादंबरी लिहून झाली की आपल्याकडे ती दाखवायची कुणाला, हा प्रश्न असतो. घरचे म्हणतात, "चांगली झालीय." ओळखीचे प्राध्यापक म्हणतात, "ठेवून जा, वाचतो." मग चारशे पानांचं बाड त्यांच्या टीपॉयखाली पुढच्या दिवाळीपर्यंत पडून राहतं, आणि आपण आठवण तरी किती वेळा करायची! म्हणून चारशे पानांऐवजी दीडशे शब्द वाचणारी आणि वाचल्यावर तोंडावर बोलणारी माणसं पुण्यात महिन्यातल्या एका रविवारी जमतात असं कळल्यावर मी लगेच नाव घातलं. या बैठकीला बोर्ड नाही, वेबसाइट नाही, धड नावही नाही. व्हॉट्सॲपवर नुसतं 'रविवारची बैठक'. जागा नारायण पेठेत, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

नियम असा की आपल्या अप्रकाशित कादंबरीची पिच, म्हणजे कादंबरी थोडक्यात सांगणारा मजकूर, गुरुवारपर्यंत पाठवायची. शब्द दीडशेच्या वर नकोत, खाली आपलं नाव नको. एका बैठकीला आठच पिच घेतात. शुक्रवारी सगळ्यांच्या पिच सगळ्यांना येतात, म्हणजे आपली एक आणि परक्या सात. त्या वाचून, टिपणं काढून यायचं. न वाचता आलेल्या एका गृहस्थांना संचालकांनी शांतपणे मागच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांची पिच शेवटी घेतली. मला आवडलं ते.

सकाळच्या सत्रात पिच लेखक स्वतः वाचत नाही. चिठ्ठी काढतात आणि ज्याचं नाव निघेल तो तिऱ्हाईत वाचतो. आपण आपलं लिखाण वाचताना आवाज चढवतो, थांबतो, अडचणीच्या जागेवरून घाईनं पुढे सरकतो. तिऱ्हाईताला त्यातलं काही ठाऊक नसतं. तो अडखळतो तिथे वाक्य अडखळलेलंच असतं. वाचून झालं की कागद पालथे घालायचे आणि तिघांनी एकामागून एक सांगायचं: ही कादंबरी कुणाची आहे, त्याला काय हवंय, आणि आड काय येतंय. मत द्यायचं नाही, फक्त काय कळलं ते सांगायचं. त्यानंतर बाकीच्यांनी बोलायचं. एवढा वेळ लेखकानं तोंड उघडायचं नाही. शेवटी दोन मिनिटं मिळतात, तीसुद्धा प्रश्न विचारायला. खुलासा करायला लागलं की संचालक हात वर करतात.

लेखकानं गप्प बसायची रीत बाहेरची आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या मिलफर्ड गावी १९५६ साली विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी अशा बैठका सुरू केल्या आणि १९६८ पासून तिथल्याच क्लॅरियन या लेखन-कार्यशाळेनं ती पद्धत उचलली. गोष्ट परत सांगायला लावायचा भाग मात्र आमच्या संचालकांनी जोडलाय असं ते म्हणाले. माझ्या मते पैसे वसूल होतात ते त्याच भागात.

माझंच सांगते. मी कराडची, विमा कार्यालयात नोकरी. वडील कोयना प्रकल्पात होते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पाळीवर. माझं बालपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं. कादंबरी भूकंपाच्या रात्रीची आहे: नवरा खाली पोफळीला रात्रपाळीवर, बायको वर कोयनानगरच्या चाळीत. पिचची सुरुवात मी अशी केली होती: "११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं." मग धरण, मग हादरा, मग मुंबईची वीज गेली, मग पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. नवरा-बायको चौथ्या वाक्यात.

तिघांनी गोष्ट परत सांगितली आणि तीन निरनिराळ्या कादंबऱ्या झाल्या. पहिल्या बाई म्हणाल्या, ही धरणाची कादंबरी आहे, धरण बांधणाऱ्यांची. दुसरे निवृत्त अभियंते. ते म्हणाले, धरणामुळे भूकंप होतो की नाही त्यावरची आहे, आणि तो वाद कसा अजून मिटलेला नाही हे सांगायला लागले. त्यांना थांबवावं लागलं. तिसरा लातूरकडचा मुलगा, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात राहणारा. तो म्हणाला, "एक बाई आहे. नवऱ्याशी काहीतरी बोलायचं राहिलंय. आता तो जिवंत आहे का नाही तेच तिला माहीत नाही."

हीच माझी कादंबरी. चारशे पानांत दुसरं काही नाही.

पुढे मोकळी चर्चा सुरू झाल्यावर तो मुलगा म्हणाला, "मावशी, राग मानू नका." पिच कुणाची ते सांगितलेलं नसतं, पण कोयनेची पिच आणि कराडची बाई हे जुळवायला वेळ लागत नाही. "आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपाची वेळ सगळे सांगतात. तीन छप्पन. मी तर तेव्हा जन्मलोपण नव्हतो, तरी मला पाठ आहे. पण आजी कधी वेळ सांगत नाही. ती म्हणते, विसर्जन करून आलो होतो, भाकरी टोपल्यात झाकून ठेवली होती." किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, आदल्या रात्री गणपती गेलेले. एवढं बोलून तो थांबला. त्यानं मला काय करा हे सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. माझ्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात त्या बाईनं नवऱ्यासाठी फडक्यात बांधलेला डबा तसाच ओट्यावर राहिलेला आहे. पिचमध्ये त्याचा मागमूस नव्हता, तिथे वेळ होती आणि आकडे होते.

अभिप्राय देणारे सगळे त्या मुलासारखे नसतात, हेही सांगायला हवं. आपल्या मंडळींना "ओघवती भाषा", "वेगळा विषय", "छान जमलंय" याखेरीज बोलता येत नाही. संचालक त्यावर एकच प्रश्न विचारतात, "कुठलं वाक्य?" ओघवती म्हणणाऱ्याला कागद उलटून वाक्य दाखवावं लागतं. बऱ्याचदा सापडत नाही. दुपारपर्यंत "ओघवती" बंद झाली होती. दुसरी तऱ्हा एका निवृत्त शिक्षिकेची. त्यांनी आठही पिचमधले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त करून आणले होते आणि बाकी एक अक्षर लिहिलं नव्हतं. दुरुस्त्या सगळ्या बरोबर होत्या. माझा 'भूमिगत'सुद्धा 'भूमीगत' झालेला त्यांनीच पकडला. पण कादंबरी त्यांना कशी वाटली हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या वाट्याला ज्या पिच आल्या त्यात सर्वांत अवघड होती गोव्यातल्या एका गृहस्थांची. डिचोलीकडचे, मराठीत लिहितात, आदल्या रात्रीच्या बसनं आले होते. विषय खाणबंदी. पिचच्या दोन-तृतीयांश भागात इतिहास: पोर्तुगीज काळातले खाणपट्टे, २०१२ ची बंदी, मग पुन्हा चालू, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा बंद. सगळं खरं, सगळं नीट मांडलेलं. आणि अगदी शेवटच्या ओळीत मांडवीतून मुरगावला खनिज नेणाऱ्या एका बार्जचा मालक. बँकेच्या कर्जावर बार्ज घेतलेला.

मी त्यांना एवढंच म्हटलं की मला शेवटची ओळ पहिल्यांदा ऐकायची आहे. बार्ज नदीत उभी आहे आणि हप्ता चालू आहे, हे कळलं की बंदी का आली ते मी आपणहून विचारीन. आधी बंदी सांगितली तर मला ते वर्तमानपत्र वाटतं. विम्याच्या कामात आम्ही दावा करणाऱ्याचा अर्ज वाचतो तेव्हाही कायद्याचं कलम नंतर बघतो, आधी घरात कोण गेलं ते बघतो. ते गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते. आपल्या दोन मिनिटांत त्यांनी मला एकच विचारलं, "हप्त्याचा आकडा घालूं की नको?" मी म्हटलं, घाला, आणि महिनाही घाला. पावसाळ्यात तशीही बार्ज चालत नाहीत, मग ऑक्टोबर उजाडला आणि तरीही चालली नाही, हे आकड्यापेक्षा जास्त बोलेल. हे मला कसं सुचलं ते माहीत नाही. माझ्या स्वतःच्या पिचकडे बघताना असं काही सुचलं नव्हतं.

वारीवरच्या एका पिचमध्ये अकरा पात्रांची नावं होती. परत सांगणाऱ्या तिघांना मिळून दोन आठवली. त्यावर फार बोलावं लागलं नाही. लातूरच्या मुलाची स्वतःची पिच अभ्यासिकेतल्या पोरांवर होती आणि शेवटी तीन प्रश्न ओळीनं: तो पास होईल का? ती थांबेल का? बाप जमीन विकेल का? अशा प्रश्नांचं उत्तर वाचक मनात "बहुतेक होय" किंवा "बहुतेक नाही" असं देऊन मोकळा होतो, हे अभियंत्यांनी फार नेमकं सांगितलं. सकाळी धरणावर बोलणारे हेच गृहस्थ. बापाने सातबारा घेऊन तलाठ्याकडे जाणं हे एक विधान तिन्ही प्रश्नांना पुरलं असतं, असंही ते म्हणाले. मुलानं मान हलवली, पण त्याला पटलं असावं असं वाटलं नाही.

जेवणानंतरच्या सत्राबद्दल माझं मत वेगळं आहे. त्यात बाहेरून एक मार्गदर्शक बोलावतात. त्या दिवशीचे पाहुणे मालिका आणि वेब सिरीजच्या जगातले होते. माणूस हुशार, बोलणं गोड. त्यांनी पडद्यावर दाखवलं की अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लेखक थेट प्रकाशकाकडे जात नाही. आधी एजंटला, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणाऱ्या मध्यस्थाला, पानभराचं पत्र पाठवतो, त्यात साधारण अडीचशे-तीनशे शब्दांत गोष्ट सांगतो, आणि आपल्या पुस्तकासारखी अलीकडची दोन-तीन पुस्तकं नमूद करतो. ट्विटरवर 'पिटमॅड' नावाचा पिचचा दिवस २०१२ पासून २०२१ पर्यंत भरायचा, त्यात तर अख्खी कादंबरी एका ट्विटमध्ये बसवायची, आधी १४० अक्षरांत आणि ट्विटरनं मर्यादा वाढवल्यावर २८० मध्ये. ऐकायला मजा आली. इंग्रजीत लिहिणाऱ्या दोन मुली भराभर टिपून घेत होत्या, त्यांच्या ते कामाचं आहे.

पण आम्हा बाकीच्यांचं काय? मराठीत एजंट नावाचा मनुष्य जवळपास नाहीच. प्रकाशकाला संहिता लागते, पुष्कळांना अजून छापील प्रतच लागते, आणि उत्तराला महिने जातात. हजार प्रतींची आवृत्ती, कधी त्याहून कमी. तिथे "अमुक पुस्तक अधिक तमुक पुस्तक" या सूत्राला कोण विचारतो? मराठीत पिच कामाला येते ती संहितेवरच्या पत्रात, मलपृष्ठावर, दिवाळी अंकाच्या संपादकाला फोन करताना, आणि २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओ-पुस्तकांचं ॲप आल्यापासून ऑडिओवाल्यांशी बोलताना. त्यातलं शेवटचं सोडलं तर पाहुण्यांना कशातच रस नव्हता.

खरी अडचण त्याच्या पुढची. पाहुणे अभिप्राय देत नव्हते, नवी कादंबरी देत होते. डिचोलीच्या गृहस्थांना म्हणाले, बार्जवर एक खून घाला. वारीच्या बाईंना म्हणाले, दिंडीत एक फरार गुन्हेगार असू द्या. मला म्हणाले, बायकोचा पूर्वीचा प्रियकर बचावपथकात असेल तर? सभागृहात हशा झाला, मीही हसले. पण गोव्याचे गृहस्थ हसले नाहीत. चहाच्या वेळी ते म्हणाले, "माझ्या मामाची बार्ज ती. खून कित्याक?" सकाळी ज्या संचालकांनी "कुठलं वाक्य?" म्हणून सगळ्यांना शिस्त लावली, ते दुपारी पाहुण्यांपुढे गप्प बसले. पाहुण्यांना हाच नियम का नाही, असं मी निघताना विचारलं. ते म्हणाले, पाहुणे मानधन न घेता येतात. हे काही उत्तर नव्हे.

हिशेब सांगायचा तर फी बाराशे रुपये. त्यात दोन चहा, वडा-पाव, आणि सगळ्यांनी आपल्या पिचवर लिहिलेली टिपणं. टिपणांतलं हस्ताक्षर लागलं तर लागलं. शिवाय एक चांगली सोय आहे: महिन्याच्या आत सुधारलेली पिच पाठवली तर सकाळचे तेच तिघे परत सांगणारे दोन ओळींत कळवतात, त्याचे पैसे वेगळे नाहीत. मी डब्यापासून सुरुवात करून पाठवली, वेळ काढून टाकली, मृतांचा आकडा काढला, मुंबईची वीज तेवढी ठेवली. धरणवाल्या बाई लिहितात, "आता बाई दिसली." अभियंते लिहितात, भूकंपाचं नेमकं कारण कुठेच आलेलं नाही. लातूरच्या मुलानं लिहिलं, "मावशी, डब्यात काय होतं ते सांगू नका." तेही मी त्या वाक्यात सांगितलेलं होतं, आता खोडलंय.

कराड-सांगलीकडून येणाऱ्यांनी पहाटेची एसटी धरावी. स्वारगेटला उतरून रिक्षा केली तर दहाच्या आत पोचता येतं, दहानंतर खरोखर दार लावतात. पिच न देता नुसतं वाचक म्हणूनही बसता येतं, त्याला तीनशे रुपये. पुढच्या खेपेला मी तशीच जाणार आहे. वाचकाला दुपारी दीडला उठून जायची परवानगी आहे, मी विचारून घेतलंय.