तांबं-अ‍ॅल्युमिनियम नळीचं एक्स्ट्रूजन जॉबवर्क : पाचपैकी चार तारे

आम्ही हाय-फ्रिक्वेन्सी हीटिंग मशीनचे कंडक्टर बनवतो. 10 किलोहर्ट्झला जवळजवळ सगळा करंट तांब्याच्या वरच्या दोन मिलिमीटरमध्येच वाहतो, मग अख्खी नळी तांब्याची घेऊन पैसे आणि वजन कशाला वाढवा? आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचं कवच, अशी नळी एक्स्ट्रूजनने, म्हणजे तापवलेला धातू डायच्या (साच्याच्या) भोकातून दाबून, काढून हवी होती.

आधीच्या कारखान्याकडून (नाव नको) आलेल्या मालाला ठरावीक अंतरावर गोल चिरा होत्या, बांबूच्या पेरांसारख्या. चिरेतून आतलं अ‍ॅल्युमिनियम दिसत होतं. उत्तर काय, तर "तुमचं तांबंच खराब." तांब्याचा काय दोष! 400 अंशांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम पार मऊ पडतं, तांबं त्या मानाने ताठच राहतं. मऊ धातू डायमधून पुढे पळतो, कवच मागे ओढलं जातं आणि तुटतं. तुटलं की ताण सुटतो, थोडी नळी बरी निघते, की पुन्हा तुटतं. बरं, तापमान वाढवून भागत नाही. 548 अंशांना दोन्ही धातूंचा सांधाच वितळायला लागतो, आणि त्याच्या बरंच आधी तिथे ठिसूळ थर धरतो.

चाकणच्या या नव्या जॉबवर्कवाल्यांनी दर सांगायच्या आधी ड्रॉइंग मागितलं, तिथेच मला बरं वाटलं. पोर्टहोल डाय चालणार नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्यात धातू फाटून पुन्हा जुळतो, कवचाचा बट्ट्याबोळ होतो. त्यांनी पोकळ बिलेट (दाबायचा धातूचा ठोकळा) मँड्रेलवर, म्हणजे नळीचं भोक राखणाऱ्या आतल्या दांड्यावर, काढलं. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचा नेहमीचा सपाट डायही बाजूला ठेवला. त्याच्या कोपऱ्यात धातू अडकून बसतो, आणि इथे अडकणार ते नेमकं बाहेरचं तांबं. उताराचा डाय नवा करून घेतला, कंटेनरला (बिलेट ज्यात ठेवून दाबतात त्या नळकांड्याला) वंगण म्हणून ग्राफाइट लावलं. अ‍ॅल्युमिनियमला एरवी कोणी वंगण लावत नाही, म्हणून प्रेसवरचे काका जरा कुरकुरत होते. जोडायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग वायर ब्रशने घासून, तेलकटपणा काढून लगेच एकात एक बसवले. सांधा आधीच घट्ट धरला तर कवच एकटं ताणलं जात नाही.

नळीच्या मधल्या भागाचे तुकडे हॅक्सॉने कापून पाहिले, वाकवून पाहिले. चिरा नाहीत, कवच सुटलेलं नाही, जाडी चौफेर सारखी.

तारा कापला तो हिशेबासाठी. नळीच्या सुरुवातीला आणि शेवटी तांब्याची जाडी बिघडते, ते तुकडे टाकावेच लागतात, मान्य. पण बिलात त्यांचं वजन धरलं आणि भंगार मात्र स्वतःकडे ठेवलं. टेस्ट रिपोर्टसाठी फोनवर फोन करावे लागले ते वेगळंच. डायचा खर्चही आपल्यालाच, त्यामुळे दोन-चार नळ्यांसाठी जाऊ नका.

पुढची ऑर्डर त्यांनाच दिली आहे. भंगार आमचं, हे यंदा पर्चेस ऑर्डरवरच लिहून घेतलंय.