सांगलीत दोन फुटी रीफ टाकी: कोण कोणाबरोबर नांदतं आणि कोण नाही

रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची टाकी. आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. २४ बाय १५ बाय १५ इंचाची काच, काठोकाठ ८८ लिटर, पण दगड-वाळू गेल्यावर खरं पाणी ७० च्या आसपासच. एक हँगऑन (काचेला टांगायचा) फिल्टर, एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), निळी-पांढरी एलईडी, हीटर आणि वर क्लिपवाला फॅन. विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर, भिंत पश्चिमेची (उन्हाळ्यात या भिंतीला हात लावून बघा एकदा). दिवाळीनंतर पाणी भरलं, आता पावसाळा लागलाय, म्हणजे थंडी आणि एप्रिल-मे दोन्ही टाकीनं बघितलेत. पंप, लाईटवर सगळेच लिहितात, मी इथं टाकीत राहणाऱ्यांबद्दलच लिहितोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, एवढ्या पाण्यात चार मासे बास. पाचवा आला की भांडण, घाण आणि नायट्रेट हे तिन्ही एकदमच वाढतं. दुकानात गेलं की हे कुणी सांगत नाही. मला एका दुकानात सांगितलं, "दादा, चार-पाच डॅमसेल घिऊन जावा, लय टफ हाईत, मरत न्हाईत." मरत नाहीत हे खरंय, तोच तर वांदा आहे. मिरजेच्या एका मित्राकडं तीन पट्ट्यांचा एक डॅमसेल आहे, बोटाच्या दोन पेरांएवढा, पण त्यानं टाकीचा अर्धा भाग सातबारा नावावर असल्यासारखा धरलाय आणि नंतर आलेल्या प्रत्येक माशाची शेपटी कुरतडलीये. त्याला बाहेर काढायचं तर सगळे दगड उपसावे लागतात, जाळीनं तो सापडतच नाही. पाणी सायकल व्हायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वसायला, मासा लागत नाही ओ, अमोनिया घाला, बाटलीतले बॅक्टेरिया घाला आणि चार ते सहा आठवडे गप बसा, अमोनिया आणि नायट्राईट शून्यावर आल्याशिवाय काहीही आणू नका.

ब्लू टँग माशाचं पण तेच. दुकानात दोन इंचाचा असतो, निळाजर्द, पोरं काचेला चिकटून हट्ट धरतात. तो मोठा होऊन ३० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर पोहत असतो, दोन फुटात तो फक्त वळणंच घेत बसणार. मँडरिन मासा दिसायला सगळ्यात भारी, पण तो कोपेपॉड नावाचे पाण्यातले बारीक जीव टिपून जगतो, छोट्या नव्या टाकीत ते पुरत नाहीत आणि तो हळूहळू खंगत जातो. हे दोन्ही फोटोतच बघावेत.

आता माझ्याकडं काय आहे ते. क्रम मुद्दाम सांगतो कारण निम्मी कम्पॅटिबिलिटी क्रमातच आहे, लाजरा आधी आणि दादागिरीवाला शेवटी. पहिल्यांदा पिवळा वॉचमन गोबी मासा आणि त्याच्याबरोबर टायगर पिस्टल झिंगा. मग फायरफिश. सगळ्यात शेवटी ओसेलॅरिस क्लाऊन माशांची जोडी, कारण क्लाऊन एकदा कोपरा धरून बसले की नवीन येणाऱ्याला सुखानं खाऊ देत नाहीत.

गोबी आणि झिंग्यासाठी मी ही टाकी दहादा परत लावीन. झिंग्याला नीट दिसत नाही, गोबीला दिसतं पण बीळ खणता येत नाही, म्हणून दोघं एका बिळात राहतात. झिंगा दोन्ही नांग्यांनी वाळू पुढं ढकलत बाहेर येतो, पण बाहेर आला की त्याची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असतेच. मी काचेजवळ तोंड नेलं की गोबी शेपटी थरथरवतो आणि झिंगा वाळू तिथंच टाकून उलटा आत पळतो, मग गोबी डोकं आत घालतो, मग परत हळूच दोन डोळे वर. रात्री टक् असा आवाज येतो, आईला पहिल्यांदा वाटलं काच तडकली. तो नांगी इतक्या जोरात मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. एकच काळजी घ्या, दगड आधी थेट टाकीच्या तळावर ठेवा आणि वाळू नंतर भरा, नाहीतर हा खालून पोखरून सगळी रचना आडवी करेल.

फायरफिश दिसायला नाजूक, स्वभावानं भित्रा आणि उडी मारण्यात एक नंबर. म्हणून वरून जाळी पाहिजेच. काचेचं झाकण नको, कारण इथल्या उन्हात पाणी थंड राहायचं तर वाफ बाहेर जायला हवी. मच्छरदाणीवाल्याकडून ॲल्युमिनियमची चौकट करून घेतली, जाळी नायलॉनची, स्वस्तात काम झालं.

क्लाऊन घेताना हॅचरीत वाढलेलेच मागा. आपल्याकडं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनची पैदास यशस्वी केलेली आहे, त्यामुळं समुद्रातूनच पकडून आणलेला हवा असं काही राहिलेलं नाही आणि हॅचरीचा मासा दाणा पण लगेच खातो. दोन लहान घ्या, एक थोडा मोठा. मोठा होतो तो मादी बनतो, लहान नरच राहतो, आणि लहान मोठ्यापुढं अंग आडवं करून थरथरतो, ते फिट आल्यासारखं दिसतं पण ते फक्त "बाई तू म्हणशील तसं" आहे.

आता कोरल. इथं एक गोष्ट परदेशी व्हिडिओत सापडत नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ मध्ये रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, घातले गेले, सी फॅन आणि समुद्रघोडेसुद्धा. म्हणजे ते व्हिडिओवाले नवशिक्यांना जे हॅमर, डंकन, फ्रॉगस्पॉन हे कठीण कोरल सुचवतात ते सगळं यात आलं. दुकानदार "काय होत न्हाई वं" म्हणतो, पण होतं, वाघाच्या बरोबरीचं शेड्यूल आहे ते. मी फक्त सॉफ्ट, म्हणजे मऊ अंगाचे कोरल घेतले आणि दगडसुद्धा सिरॅमिकचे तयार केलेले घेतले. आणि खरं सांगू का, सॉफ्टमध्येच एवढं रंगीत आहे की काही अडत नाही.

मशरूम कोरल खाली, सावलीत, जिथं प्रवाह कमी तिथं. झोअँथिड मधल्या उंचीवर. टोडस्टूल लेदर वर. ग्रीन स्टार पॉलिप मात्र वाळूत एकटा वेगळ्या दगडावर ठेवा, मुख्य दगडाला चिकटू देऊ नका, त्याची जांभळी चटई गवतासारखी पसरते आणि शेजाऱ्याला झाकून टाकते. झेनियाचं पण तसंच, हाताची मूठ उघड-मीट केल्यासारखं दिसतं, मस्त वाटतं, पण मी आणलेलं नाही. झोअँथिडला हात लावताना ग्लोव्हज आणि चष्मा घाला, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, वाफेतून माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

सॉफ्ट कोरल भांडत नाहीत असं समजू नका, ते पाण्यात रसायनं सोडून भांडतात, त्यात लेदर सगळ्यात पुढं. म्हणून फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन (ती रसायनं शोषणारा कोळसा) कायम ठेवतो आणि महिन्याला बदलतो. लेदर अधूनमधून मिटून बसतो, अंगावर मेणासारखी चकचकीत साय येते, आठवडाभर मेल्यासारखा दिसतो. काढून टाकायची घाई करू नका, वेव्हमेकरचं तोंड थोडं तिकडं करा, ती साय निघून जाते आणि आधीपेक्षा मोठा फुलतो. माझ्या क्लाऊनच्या जोडीनं ह्याच लेदरला घर मानलंय, सुरुवातीला त्यांच्या घासण्यानं तो चिडून अर्धाच उघडायचा, आता सवय झालीये.

उन्हाळ्याचं सांगतो. बाहेर ४० आणि घरात पंखा, फॅन बंद असला की टाकी दुपारी ३० च्या पुढं जायची, फॅन लावला की २७ च्या आसपास थांबते. सांगलीची हवा मे महिन्यात कोरडी असते म्हणून हे जमतं, मुंबईवाल्यांना जमेलच असं नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) टाकीपेक्षा महाग आहे, मी घेतला नाही. पण वाफ जाते ती फक्त पाण्याची, मीठ तिथंच राहतं, ७० लिटरमधले दोन लिटर उडाले की ३५ ची खारटपणाची पातळी (हजारात ३५ भाग मीठ) ३६ वर जाते, आणि हे रोज. त्यामुळं रोज सकाळी गोडं आरओ पाणी खुणेपर्यंत भरायचं, खारं नाही. घरच्या प्युरिफायरचं पाणी चालत नाही, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य येत नाही, पुढं उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडावा लागतो. बोअरचं पाणी तर विसराच.

वळवाच्या पावसात लाईट जाते तेव्हा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर ठेवा, दुसरं काही नाही ठेवलं तरी चालेल. मासे गुदमरतात ते आधी, थंडी-गरमी नंतर. बॅटरीवाला एअर पंप ड्रॉवरमध्ये असू द्या.

अजून एक. माशांच्या अंगावर रोगाचे पांढरे ठिपके आले की दुकानदार कॉपरचं औषध देतो. मासा बरा होईल पण झिंगा, गोगलगायी आणि कोरल सगळं जाईल. म्हणून नवीन मासा आधी वेगळ्या बादलीत किंवा छोट्या टाकीत महिनाभर ठेवायचा, औषध द्यायचं तर तिथंच.

क्लाऊन आहेत तर ॲनिमोन (समुद्रात क्लाऊन ज्याच्यात राहतात तो मऊ जीव) कधी, हे घरी येणारा प्रत्येकजण विचारतो. ॲनिमोनला टाकी जुनी आणि स्थिर लागते, लाईट जास्त लागते, आणि तो एका जागी बसत नाही, फिरत फिरत वेव्हमेकरमध्ये जाऊन चिरला की एका रात्रीत सगळं पाणी खराब. वर्ष होऊ दे, वेव्हमेकरला फोम लावतो आणि मग बघू, तोपर्यंत लेदर आहेच.